चालू वायर उपटणारा अरुण

आमच्या शेजारचा अरुण रोज सकाळी चहा घ्यायच्या आधी आपल्याच घरातली इंटरनेटची चांगली चालू असलेली वायर उपटतो. बिघडलेली नाही, चालू असलेली. मग वायर हातात धरून भिंतीवरच्या काळ्या डब्ब्याकडे पाहत उभा राहतो आणि थोड्या वेळाने ओरडतो, "आली! दुसरी आली!" एवढं झालं की वायर परत जागेवर खोचतो आणि चहा ठेवतो.

आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे ही बातमी मला रोज मिळते. सुरुवातीला मी धडपडत उठून बसायची. आता कूससुद्धा बदलत नाही.

एकदा मी विचारलं, "काहून रे, चांगली चालून राह्यली तं उपटून कायले राह्यला?"

"तोडून पाहा लागते, मावशी," तो म्हणाला. "चालू असताना तोडून नाई पाह्यलं, तं खरंच तुटल्यावर काय होईन हे कसं समजन?"

"मंग माही मान बी एखाद्या दिवशी मुरगळून पाह्य."

"तुमाले दुसरी मान नाई न मावशी," तो म्हणाला. थट्टा नव्हती त्यात. अरुण थट्टा करत नाही. त्याच्याबद्दल हसायचं असेल तर ते आपलं आपण हसावं लागतं.

अरुण आता पन्नाशीला टेकला आहे. अनसिंगहून रोज मोटरसायकलवर वाशिमला जातो आणि तिथल्या एका खाजगी दवाखान्यात कॉम्प्युटरचं काम पाहतो. तिथे त्याला साहेब म्हणतात. मी त्याला अंगणात नागडा पळताना पाहिलेलं आहे, मला काही साहेब म्हणवत नाही.

त्याचं सगळं दुहेरी. एक चष्मा डोळ्यावर, एक खिशात. दाराला दोन कुलपं, किल्ल्यांचे दोन जुडगे, त्यातला एक माझ्या घरात खुंटीला. गॅस आहे, त्याच्या बाजूला विजेची शेगडी आहे, आणि मागच्या अंगणात चूल सारवून ठेवलेली आहे, म्हणजे गॅस आणि वीज दोन्ही एका दिवशी गेली तर. पॅन्टला पट्टा असतो आणि आतून नाडी असते. लग्नाच्या पंगतीत तो नेमका अशा ठिकाणी बसतो जिथे दोन वाढप्यांच्या वाटा भेटतात. एकाचं वरण संपलं तर दुसऱ्याचं येईल.

लग्न मात्र त्याचं एकही झालं नाही.

त्याचीही कथा अशीच आहे. लग्नाचं वय असताना त्याने एकाच दिवशी दोन मुली पाहायचं ठरवलं. सकाळी मेडशीला, दुपारी केनवडला. मी म्हटलं, अरे, एक पाह्य, नाही जमलं तं मंग दुसरी पाह्य. तो म्हणाला, "एकीवर भरोसा कसा ठेवू मावशी?" मेडशीला पोहे खाल्ले, केनवडला पोहे खाल्ले. केनवडला ताट घेऊन जी बाई बाहेर आली, ती सकाळी मेडशीला पाणी घेऊन आली होती. ती मेडशीच्या मुलीची सख्खी आत्या निघाली, केनवडला दिलेली. सकाळी भाचीसाठी तिकडे आणि दुपारी सासरच्या मुलीसाठी इकडे. तिने ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "कावून पाव्हणे, आमच्या घरचे पोहे जास्तच आवडले वाटते?" दोन्ही ठिकाणांहून एकाच दिवशी नकार आला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही आणि कोणाला काढू दिला नाही.

घरात तो आणि त्याची आई, शेवंता. शेवंता माझ्याच वयाची. आम्ही दोघी त्या भिंतीच्या दोन बाजूंनी जन्मभर भांडलो. म्हातारपणी तिचे आधी डोळे गेले, मग पाय गेले. तोंड तेवढं शाबूत राहिलं. सकाळी एक बाई येऊन तिची आंघोळ, कपडे, जेवण करून जायची. त्यानंतर अरुण वाशिमहून येईपर्यंत ती बाजेवर एकटी.

म्हणून अरुणने बाजेसमोरच्या फळीवर एक कॅमेरा ठेवला. त्याला आवाजही होता. अरुणला वाशिमला फोनमध्ये आई दिसायची, आणि आईला इकडे फळीवरून अरुण ऐकू यायचा. ती हाक मारायची, "अरुण्या!" फळी म्हणायची, "बोल माय." दिवसभर हेच. माशी बसली, अरुण्या. तहान लागली, अरुण्या. माठ हाताशीच हाये माय, डाव्या अंगानं पाह्य. कमलीच्या घरात आज कांदा जळला, अरुण्या. कमली म्हणजे मी.

एकदा तो मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत प्रिंटर दुरुस्त करत होता आणि शेवंता त्याच्या खिशातून ओरडली, "अरुण्या, तुया डॉक्टरले सांग, थे मोठी गोळी घशात अडकते म्हना!" डॉक्टर काय करतील? ते खिशाकडे वाकून म्हणाले, "अर्धी करून घ्या आजी." तेव्हापासून शेवंता मला सांगायची की मोठे डॉक्टर तिला रोज पाहतात.

पण मध्येच नेट जायचं. नेट गेलं की फळी मुकी. आंधळ्या माणसाला वायर तुटली की काय झालं हे कसं दिसणार? तिला एकच समजायचं, अरुण बोलत नाही. आणि अरुण बोलत नाही म्हणजे वाशिमच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. दुसरं कारण तिच्या डोक्यात येतच नसे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी बाजारात गेले होते. परत आले तर शेवंता बाजेच्या खाली पडलेली. हनुवटी फुटलेली. उठायचा प्रयत्न केला होता. माझ्या चपलेचा आवाज ऐकून तिने न रडता, अगदी शांतपणे विचारलं, "कमले, कुठी ठेवलं व माह्या पोराले?"

मी तिला उचलून बसवलं. मला ते एकटीने जमलं कसं हे अजून कळलेलं नाही. कंबर अजून दुखते.

त्यानंतर अरुणने दुसरं नेट घेतलं. आणि तो काळा डब्बा आणला. त्याला फायरवॉल म्हणतात. तो काय करतो हे अरुणने मला समजावून सांगितलं. मला जेवढं समजलं तेवढं सांगते.

घरात दोन नेट येतात. डब्बा दोन्हींच्या मध्ये बसतो. पहिलं नेट जोराचं, म्हणून काम त्याच्याकडून घ्यायचं. पण डब्बा त्याला सारखं विचारत राहतो, आहे का? ते म्हणतं, आहे. आहे का? आहे. लागोपाठ काही वेळा उत्तर आलं नाही की डब्बा समजतो, हे गेलं, आणि सगळं काम आपोआप दुसऱ्या नेटवर टाकतो. कोणाला हात लावावा लागत नाही. पहिलं परत आलं की परत पहिल्यावर. वर दोन दिवे, एकेका नेटचा एकेक. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गेलं.

"म्हंजे तुया मायसारखा हाये हा," मी म्हटलं. "दिवसभर आहे का, आहे का."

"तसंच म्हना," अरुण म्हणाला.

मग सोयाबीनची मळणी झाली आणि कुटाराने, म्हणजे भुशाने भरलेला एक ट्रॅक्टर बसस्टँडच्या वळणावरून गेला. कुटार एवढं उंच भरलेलं, की त्यात दोन्ही नेटच्या वायरी अडकल्या आणि तुटल्या. दोन कंपन्या, दोन वायरी, पण खांब एकच. दोन्ही दिवे लाल. मला ती आत्या आठवली. मी बोलून दाखवलं नाही, पण अरुणलाही आठवली असावी, कारण त्याने खांबाभोवती फिरून तुटलेल्या वायरी दोनदा मोजल्या.

त्या दिवशी शेवंता जेवली नाही. संध्याकाळी अरुण आला तरी त्याचा चेहरा हातांनी चाचपून पाहिला, कान, नाक, सगळं, आणि मगच भाकर मागितली.

मग त्याने दुसऱ्या नेटची वायरच काढून टाकली आणि सिमकार्डवर चालणारं हवेतलं नेट घेतलं. छपरावर छोटा अँटेना लावला. ट्रॅक्टर काही हवेतून जात नाही. तेव्हापासून रोज सकाळी ते वायर उपटणं सुरू झालं. रोज उपटायचा, रोज दुसरं नेट यायचं, रोज तो ओरडायचा. शेवंता बाजेवरून म्हणायची, "आली तं आली, मेल्या, चहा ठेव पयले."

आणि एवढं सगळं होऊन, हिवाळ्यात एका दुपारी फळी पुन्हा मुकी झाली.

माझ्या बटणाच्या फोनवर अरुणचा फोन आला. आवाज घाबरलेला. "मावशी, मायपाशी जा. आवाज जाऊन नाई राह्यला."

मी किल्ली घेऊन गेले. शेवंता एका हाताने बाजेची पाटी, म्हणजे कडेचं लाकूड धरून अर्धी खाली लोंबकळली होती. मी तिला मागे ढकललं आणि म्हटलं, "अवं, जिवंत हाये तुया पोरगा. हे घे, बोल." आणि फोन तिच्या कानाला लावला.

तिने ऐकलं आणि म्हणाली, "हा अरुण्या नाई."

"माय, मीच हाओ!"

"अरुण्या फळीवरून बोलते. तू कोन रे? कमलीनं कोनाले धरून आनलं?"

"माय, मी अरुण!"

"मंग सांग, काल भाजी कोन्ती होती?"

"वांग्याची."

"कशी झालती?"

"मीठ नव्हतं, माय."

शेवंता बाजेवर आडवी झाली. "हाये," ती मला म्हणाली. "जिवंत हाये." मग फोनमध्ये ओरडली, "मीठ नव्हतं तं तवाच सांगाचं होतं न, मुडद्या! गुमान खाल्लं कायले?"

मला फोनवर अरुणने विचारलं, "मावशी, काळ्या डब्ब्यावरचे दिवे पाहा. पयला लाल हाये न?"

मी पाहिलं. दोन्ही हिरवे. तसं सांगितलं. त्याला खरं वाटेना. मी पुन्हा पाहिलं. माझे डोळे अजून गेलेले नाहीत. दोन्ही हिरवे आणि नेट काही नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तो जेवलाही नाही. डब्ब्यापुढे बसला आणि बऱ्याच वेळाने आपल्या कपाळावर हात मारून घेतला. त्याची चूक त्यानेच मला सांगितली. रस्त्यावरून येणारी वायर आधी कंपनीच्या एका पांढऱ्या डब्ब्यात येते, आणि त्या पांढऱ्यातून दुसरी वायर काळ्यात जाते. काळा डब्बा जो दिवसभर आहे का, आहे का विचारायचा, तो या पांढऱ्या डब्ब्यालाच विचारायचा. पांढरा तिथेच हातभर अंतरावर बसलेला, तो म्हणायचा, आहे. बाहेर रस्त्यावर सगळं मेलेलं असलं तरी म्हणायचा, आहे. तो खोटं बोलत नव्हता. तो होताच. आणि अरुण रोज सकाळी उपटायचा ती या दोन डब्ब्यांमधली वायर. ती उपटली की पांढरा गायब, म्हणून दुसरं नेट लगेच यायचं. इतके दिवस तो रोज परीक्षा घेत होता आणि रोज पास होत होता, पण प्रश्नच चुकीचा होता.

"मी घरातच इचारून राह्यलतो, मावशी," तो म्हणाला. "बाहीर जाऊन इचाराले पायजे होतं."

त्याने मग डब्ब्याला इंटरनेटवरचे लांबचे दोन पत्ते शिकवले. सारखं त्यांना विचारायचं. दोन अशासाठी की एकावर भरोसा नाही, हे आता मला सांगावं लागत नाही. त्यातही एक गंमत झाली. पहिलं नेट जरा आलं की डब्बा लगेच त्याच्याकडे पळायचा, ते पुन्हा गेलं की दुसऱ्याकडे, आणि या ये-जा करण्यात शेवंताचं प्रत्येक वाक्य तुटायचं. तेव्हा त्याने ठरवलं, पहिलं आलं तरी काही वेळ ते नीट टिकतं का पाहायचं आणि मगच परत त्याच्याकडे जायचं. मी म्हटलं, रुसून गेलेल्या जावयाशी असंच वागावं.

खरी परीक्षा शेवंतावर घ्यायची होती. अरुण वाशिमला जाऊन बसला. फळीवरून बोलत होता. मला सांगितलं होतं, या खेपेला आतली वायर नाही, रस्त्यावरून पांढऱ्या डब्ब्यात येते ती काढायची. शेवंताला काही सांगितलं नव्हतं. ती मला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्याच स्वयंपाकाबद्दल काहीतरी सांगत होती. मी वायर काढली.

फळी गप्प झाली.

शेवंताचा हात बाजेच्या पाटीवर गेला. मी तिथेच उभी होते, पण बोलायचं नाही असं अरुणने बजावलं होतं. पहिला दिवा लाल झाला. तिच्या हाताच्या शिरा वर आल्या.

"...माय? ऐकून राह्यली का माय?"

"गेलता कुठी?" शेवंता म्हणाली.

"कुठीच नाई. इथीच हाओ."

"मंग बोलत काहून नव्हता? त्या कमलीचं सांगून राह्यली मी, वरणात हिंग..." आणि ती पुढे सुरू झाली. मी वायर हातात धरून माझीच निंदा पूर्ण ऐकली.

त्यानंतर शेवंता पुन्हा कधी बाजेवरून पडली नाही. नेट किती वेळा गेलं आणि आलं हे तिला कळलंही नाही. उन्हाळा लागता लागता ती गेली. आजारी पडून, अरुणच्या मांडीवर डोकं ठेवून. तेव्हा वायर, डब्बा कशाचं काम नव्हतं.

मला वाटलं, आता हे सगळं निघेल. एका माणसाच्या घरात दोन नेट काय करायची? पण दिवस झाले, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "आली! दुसरी आली!" फक्त आता मागून कोणी चहा ठेव म्हणत नव्हतं. बाज तिथेच, फळी तिथेच, कॅमेरा तिथेच.

मी म्हटलं, "आता कोनासाठी रे?"

"असू द्या मावशी," तो म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली.

मी दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसत नाही. पण परवा माझं सूप त्याच्याकडे राहिलं होतं आणि मला तूर पाखडायची होती. किल्ली माझ्याकडे आहेच. भर दुपारी कुलपं काढली, दोन्ही, आणि आत गेले. घरात काही आवाज नव्हता. घड्याळ तेवढं चालू होतं. सूप बाजेखाली होतं. मी वाकले, गुडघा वाजला, आणि मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "मेलं हे हाड."

फळी बोलली, "मावशी?"

माझ्या हातातून सूप पडलं.

"अरे, मेल्या, जीव घेतं काय माहा?"

"घाबरू नका, मीच हाओ."

"हे चालू हाये अजून?"

"चालूच राह्यते दिवसभर."

"अन् तू तिकडे काय ऐकत बसतं? घरात कोनी नाई, काई नाई."

तो म्हणाला, "घड्याळ ऐकू येते. चिमण्या येतात. तुमच्या घरात भांडं पडलं तं तेही येते."

मी बाजेवर बसले. गुडघ्यासाठी बसले. ती बाज शेवंताच्या बाजूने अजून खोल आहे.

"मावशी," तो म्हणाला, "बसल्याच तं जराक बोला न. आवाज तुटते का पाहाचं हाये."

"काय बोलू?"

"काई बी. शिव्या द्या."

मी सूप मांडीवर घेतलं आणि सुरुवात केली. मुडद्या, म्हटलं, पन्नाशीचा घोडा झाला, पॅन्टीले नाडी लावते, दोन घरचे पोहे खाऊन आला अन् एक बायको नाई आनली, सकायी सकायी वायर उपटून म्हातारीची झोप मोडते, अन् भाजीत मीठ नाई तं तोंड उघडून सांगता येत नाई तुले. शेवंताचं जेवढं मला आठवत होतं तेवढं सगळं म्हटलं. शिव्या देता देता थकून माझी मान दुखायला लागली, म्हणून थांबले.

"आला का आवाज?" मी विचारलं.

फळीवरून उत्तर आलं नाही.

मला वाटलं, नेट गेलं. मी उठून काळ्या डब्ब्याकडे पाहिलं. दोन्ही दिवे हिरवे होते. आणि आता तो डब्बा बाहेर जाऊन विचारून येतो.

मी परत बाजेवर बसले आणि वरणातल्या हिंगापासून सुरुवात केली.